बनूबाईंच्या वकिलाची फी

“आज फी विचारल्याशिवाय घरी यायचं नाही,” हिमानी आजीला म्हणाली. “नाहीतर केस जिंकूनसुद्धा आपण रस्त्यावर!”

बनूबाईंनी कागदांच्या पिशवीची गाठ घट्ट केली.

मोरिवलीतली त्यांची भाड्याची खोली मालकाने विकली होती. महिनाअखेर निघायचं होतं. अंबरनाथ पश्चिमेला एक जागा बघून ठेवली होती, पण डिपॉझिट दोन लाख. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत बनूबाईंनी बावीस वर्षं डबे भरले होते. त्याची कंपनीने अडवलेली ग्रॅच्युइटी व्याज धरून दोन लाख सतरा हजारांवर जात होती. सगळी हातात आली तर घर. वकिलाने त्यातून फी कापली तर नाही.

शेजारच्या राजाबाई आपली केस जिंकल्या होत्या, म्हणून तर धास्ती जास्त. “माझ्या वकिलानं पाव हिस्सा कापला गं,” त्या सांगत. “त्याची बुलेट दारावरनं गेली की मला वाटतं, मागचं चाक माझं हाय.”

“माझा वकील तसला नाय,” बनूबाई म्हणत.

“अजून बिल आलं नाय ना, म्हणून!”

पण बनूबाईंना खरंच तसं वाटत होतं. पहिल्या तारखेला त्या कामगार कार्यालयाच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. गरिबाला सरकार वकील देतं, एवढं कुणीतरी सांगितलेलं. तेवढ्यात काळ्या कोटातला एक माणूस हातात फाइल घेऊन आला. “रंगाच्या कंपनीच्या केसवाल्या बनूबाई कोण?”

“मीच! घ्या साहेब, माझं सगळं यात हाय.” त्यांनी पिशवीच त्याच्या हातात दिली.

तो काहीतरी बोलणार होता. मग त्याने पिशवीत डोकावलं. रेशनकार्ड, औषधाची चिठ्ठी, लाइटबिल, पगाराच्या चार स्लिपा, सगळं एकात एक. तो शेजारी बसला आणि कागद वेगळे करायला लागला.

ते साईनाथ वकील. त्यानंतर प्रत्येक तारखेला ते आधी बाकावर येत, बनूबाई जेवल्या का विचारत. आत सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर गेल्यावर मात्र टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसत, फार बोलत नसत. कंपनीचा एक मॅनेजर यायचा, तो मोबाइलमधून डोकं वर काढायचा नाही.

कंपनीचं म्हणणं एकच होतं. ही बाई आमची नव्हेच, ठेकेदाराची.

“बनूबाई,” एकदा साईनाथ बाहेर हळूच म्हणाले, “तुम्हाला दरवर्षी सेफ्टी बूट मिळायचे?”

“मिळायचे की. ठेकेदाराकडच्या बायका चपलेवर यायच्या. आम्हाला बूट.”

“सही घेत होते?”

“अंगठा. मोठ्या रजिस्टरात.”

“मग साहेबांना सांगा, ते रजिस्टर मागवा म्हणून. तुम्ही स्वतः सांगा हं. माझं नाव घेऊ नका.”

बनूबाईंनी सांगितलं. साहेबांनी हुकूम काढला. पुढच्या तारखेला साईनाथांनी स्वतः ते जाडजूड रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं. बावीस वर्षं, बावीस अंगठे! मॅनेजर साईनाथांकडे असा बघत होता, की डोळ्यांनीच खाईल.

“यावर काही म्हणणं?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही,” साईनाथ म्हणाले.

“काय वकील हाय!” त्या दिवशी बनूबाई चाळभर सांगत सुटल्या. “कंपनीच्या कपाटातनं रजिस्टर काढून आणलं!”

“मग फी पण तशीच लागेल,” राजाबाई म्हणाल्या. “त्यापेक्षा साहेबांना अर्ज दे. वकिलाची फी कंपनीनं वेगळी द्यावी म्हण. कधी कधी देतात.”

तो अर्ज हिमानीने वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिला होता आणि आज तोच द्यायचा होता. कार्यालयात साईनाथ भेटले तेव्हा फीचं विचारायला बनूबाईंची जीभ काही रेटली नाही. अर्ज मात्र दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. चष्म्यावरून आधी बनूबाईंकडे पाहिलं, मग साईनाथांकडे. साईनाथ फाइलची दोरी बांधत राहिले.

“ठेवा,” साहेब म्हणाले. “ऑर्डरमध्ये बघतो.”

पंधरा दिवसांनी ऑर्डर लागली. शाळेला सुट्टी होती म्हणून हिमानीही आली. कारकुनाने आकडा वाचला, दोन लाख सतरा हजार आठशे, आणि हिमानीने तिथेच उडी मारली. बनूबाई बाकावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि हसायला लागल्या. घर झालं होतं.

साईनाथ व्हरांड्यात फोनवर होते. “हो सर. हो सर. ऐकतोय, सर.” फोन ठेवला तेव्हा चेहरा उतरलेला होता. बनूबाईंना बघून तो उजळला.

“वकीलसाहेब, आता खरं सांगा. तुमची फी किती?”

“मला मिळते फी, बनूबाई.”

“कोण देतं?”

“देणारे देतात. तुम्ही घराचं बघा.” त्यांनी हिमानीच्या डोक्यावर टपली मारली आणि भराभर जिना उतरून गेले.

“बघ!” बनूबाई म्हणाल्या. “सरकारचा माणूस. एक पैसा नाय कापला.”

परतताना रिक्षात हिमानी ऑर्डर वाचत होती. दोन पानं तिने मोठ्याने वाचली. तिसऱ्या पानावर ती थांबली.

“काय गं? फीचं काय लिवलंय? दिली ना माझ्या वकिलाला?”

हिमानीने आजीकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे, आणि सावकाश वाचलं, “वकिलाच्या फीची मागणी नामंजूर. अर्जदार बाईंनी वकील नेमलेलाच नाही. अॅडव्होकेट साईनाथ हे शेवटपर्यंत कंपनीच्या वतीने हजर होते.”