उपाशीपोटी

लॅबच्या नथ्थूनं रिपोर्टचं पाकीट गल्ल्यावर ठेवलं. "शेटजी, डॉक्टरनी आजच बलायेल शे," एवढंच बोलून तो निघाला. एरवी दोन कप चहा झाल्याशिवाय तो खापर गावातल्या या कापडदुकानातून हलत नसे.

पाकीट आयुषीनं फोडलं. ती नंदुरबारला फार्मसी शिकत होती. सुट्टीला आल्याबरोबर तिनं दुकानातल्याच टेपनं आजोबांची कंबर मोजली होती. चव्वेचाळीस इंच. मग हट्टानं तपासणी ठरवली. बारा तास पोटात अन्न नको, असं रतनलालना तीनदा बजावलं. सोमवारी सकाळी ती झोपेत असतानाच नथ्थू रक्त घेऊन गेला होता.

"दादाजी, बसा."

"बसलेलोच आहे."

"साखर वाढलीय. रक्तातली चरबी दुप्पट. आणि हा सीआरपी सात आहे. तीनच्या पुढे काळजीचं."

"ते काय असतं?" दारातून तिच्या आजीनं, पानीबाईंनी, विचारलं. त्यांनी ओढणीचा पदर गालाला दाबून धरला होता. महिनाभर दाढ ठणकत होती, हिरड्या सुजल्या होत्या. पण त्यांचं वर्षीतप, वर्षभराचं उपासाचं व्रत, चालू होतं. एक दिवस फक्त उकळलेलं पाणी, दुसऱ्या दिवशी जेवण. पारण्याला पंधरा दिवस उरले होते. तोवर दवाखाना नको, असं त्यांनी ठरवलं होतं.

आयुषी समजावू लागली. "चुलीवर राख दिसते, पण खाली निखारा असतो ना, तसं. पोटाची चरबी, साखर, रक्तदाब एकत्र आले की शरीरात बारीक सूज धुमसत राहते. सीआरपी हे तिचंच माप. दुखत नाही. पण रक्तवाहिन्या आतून खराब होतात. एक दिवस हृदयाची वाट बंद."

ती आजोबांकडे वळली.

"आजपासून फाफडा, जिलबी, कचोरी बंद. दादीकडून शिका जरा. हात बघा तिचे, काड्या नुसत्या."

एरवी रतनलाल म्हणाले असते, मग जगून काय करू? आज कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते पानीबाईंकडे बघत होते.

"जिना चढताना दम लागतो?" आयुषीनं विचारलं.

"लागतो," रतनलाल हळूच म्हणाले. "मध्ये दोनदा थांबावं लागतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"वाटलं, साधा अशक्तपणा असेल."

"जाऊ दे ना, बेटा," पानीबाई म्हणाल्या. "पारणं तर होऊ दे. मग बघू."

"पंधरा दिवस थांबायचं? दादी, हृदय आहे हे. तुझ्या पारण्याचा आणि यांच्या औषधाचा काय संबंध?"

पानीबाईंनी चौकट घट्ट धरली.

रतनलाल उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "नथ्थूला फोन कर, गाडी घेऊन परत ये म्हणावं," ते आयुषीला म्हणाले. "डॉक्टरकडे आत्ता जायचंय."

"हो, पण तुम्ही आधी चपला..."

रतनलाल तिच्यापुढून दारापाशी गेले. त्यांनी पानीबाईंचा हात हातात घेतला आणि पोलक्याची बाही वर सरकवली. कोपराच्या खोबणीत सुईचा निळसर डाग होता.

"सोमवारी सकाळी मी फाफडा खाऊन बसलो होतो," ते म्हणाले. "उपाशीपोटी घरात ही एकटीच होती."