बाहीतली ऊब

घरात सायकली दोन, रेनकोट एक. थंडीतल्या पावसात तो रात्रपाळी करून परतायचा, ती सकाळच्या पाळीला निघायची. पुलावर दोघांची गाठ पडली की रेनकोट त्याच्या अंगावरून तिच्या अंगावर जायचा. आतून कोरडा, चुलीपुढच्या मांजरासारखा ऊबदार.

"अहो, शर्ट एवढा ओला कसा?"

"घाम गं. चढ काय थोडा आहे?"

"आणि आता घरापर्यंत भिजत जाणार?"

"मी काय मिठाचा आहे विरघळायला?" असं म्हणून तो खोकत खोकत उतार उतरायचा.

आज पुलावर त्याचा भट्टीवरचा जोडीदार उभा होता. हातात रेनकोट.

"वहिनी, पहाटे भट्टीपुढेच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. छाती पाण्यानं भरली होती म्हणे."

तिने सवयीने बाहीत हात घातला. बाही बर्फासारखी गार होती.

जोडीदाराने मान खाली घातली. "रोज सुटताना तो हा भट्टीवर शेकवायचा, पिशवीत बांधायचा, स्वतः भिजत यायचा आणि पुलाच्या अलीकडे अंगावर चढवायचा. आज शेकवून आणायचं मला सुचलं नाही, वहिनी."