नव्याने लिहिलेलं

द्राक्षबागेवर रोग पडायच्या आधीच बागायतदाराच्या मोबाइलवर इशारा देणारं सॉफ्टवेअर भाग्यश्रीने नाशिकच्या एका कंपनीत बनवलं होतं. ती नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत रुजू झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिथले देवरे सर म्हणाले, "जुना कोड असेलच ना तुझ्याकडे? घेऊन ये."

"नाही सर, तो त्यांचा आहे. मी नव्याने लिहीन."

आणि ती खरोखरच कोरी पाटी घेऊन बसली. दिंडोरीपासून सटाण्यापर्यंतच्या बागा तिने पालथ्या घातल्या. गणपतीलाही सिन्नरला माहेरी गेली नाही. छाटणीच्या तोंडावर सॉफ्टवेअर उभं राहिलं, तेही आधीच्यापेक्षा सरस.

सरांनी ते चालवून पाहिलं. मग केबिनचं दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "नाही नाही म्हणत आणलासच ना जुना कोड? एवढ्या लवकर नव्याने कुणाचं होतं का! घाबरू नकोस, माझ्याकडून कुठे जाणार नाही. आजपासून टीम लीड तू."

खुलासा करायला भाग्यश्रीने तोंड उघडलं.




"थँक यू, सर," ती म्हणाली.