साळुंकीनं सरकवलेलं पॅनल

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. त्र्याण्णव साली बनशंकरीतल्या आमच्या गच्चीवर मी बायकोच्या पितळी परातीत पाखरांसाठी कारंजं केलं. चिकपेटेतून सोलरचं पॅनल आणि चिमुकला पंप आणला. ऊन पडलं की पाणी उडायचं, सावली आली की बंद.

कावेरीनं, म्हणजे बायकोनं, बजावलं होतं, "एक पाखरू फिरकत नाही तिकडे. रविवारी माझी परात खाली आली पाहिजे."

शनिवारी शेजारचे गिरीधर अण्णा कॉफीला आले. मी आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असा लावला. "अण्णा, रोज दोन वाजता नारळाची सावली पॅनलवर येते आणि कारंजं थांबतं. तेव्हा एक साळुंकी उतरते, चोचीनं पॅनल उन्हात ढकलते आणि पाणी उडायला लागलं की अंघोळीला बसते. बाकीचे पक्षी मागं रांगेत. कावळासुद्धा मध्ये घुसत नाही."

"स्वल्प कमी करा की," अण्णा म्हणाले.

"कमी करूनच सांगतोय. काल तर तिनं पॅनल आधी पंखानं पुसलं."

 

कावेरी पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "अण्णा, सगळं खोटं आहे. रोज दोनला गुडघे धरत जिना चढून ते पॅनल मी सरकवते, पुसतेही मीच. आणि साळुंकी एक नाही, दोन आहेत."