शून्याखालची रेघ

आलेखातली रेघ एकाच ठिकाणी शून्याच्या खाली उतरत होती. फार नाही, नखाच्या कडेएवढी. कार्बनच्या अणूंचा पिंजरा दाब सोडल्यावरही टिकणारा असेल, तर ही कंपनांची रेघ कुठेच खाली जायला नको.

तिच्या छापलेल्या शोधलेखात ही घसरण दिसत नव्हती. तिथे आकृतीची खालची कड बरोबर शून्यावर कापली होती. "आकडेमोडीतली खरखर आहे ही," असं तेव्हा तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते आणि तिने मान डोलावली होती. नंतर तिने तेच गणित तीनदा, अधिक बारकाईने केलं. रेघ दर वेळी आणखी थोडी खाली गेली. सरांशी बोलायचं, हे दोन वर्षं आज-उद्यावर चाललं होतं.

दार ढकलून काका आत आले. खालच्या मजल्यावरचं दाबयंत्र तीस वर्षं तेच चालवत. तिने संगणकावर रचलेला कार्बनचा पिंजरा ते दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबून प्रत्यक्षात आणू बघत होते. त्यांनी टेबलावर काचेची डबी ठेवली. तळाशी मोहरीहून लहान काळा ठिपका.

"अकरावी खेप, ताई. रोज हिऱ्यांशी खेळतोय, आणि लग्नात बायकोला एक खडा घेता आला नव्हता."

ती कसनुसं हसली. "पिंजरा?"

"दाबाखाली झकास बनतो. दाब सोडला की काजळी." ते खुर्चीत टेकले. "सोडताना स्क्रू केसभर फिरवायचा असतो. आता वय झालं. हात थरथरत असणार, दुसरं काय?" त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "यंत्र दुसऱ्या कुणाला द्या, असा अर्ज लिहिलाय. शुद्धलेखन तेवढं बघा. साहेबांपुढे शोभा नको."

तिने कागद उलगडला. कारणाच्या जागी लिहिलं होतं: हात स्थिर राहत नाही. अक्षर छापल्यासारखं होतं. एकही काना हललेला नव्हता.

तिने कागदाची पुन्हा घडी घातली, त्यांच्यापुढे सरकवली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवून रेघेवर बोट ठेवलं.

"अर्ज देऊ नका, काका. तुमचा हात ठीक आहे. दाब सोडल्यावर हा पिंजरा टिकणारच नव्हता."

काकांनी रेघेकडे पाहिलं. मग कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "लेख मी मागे घेतेय."