गावित सिस्टरांचा प्रश्न

"मोठं आतडं काढावंच लागेल," सर्जन म्हणाले. "दोन वर्षांत एकही औषध लागू पडलं नाही."

आतड्यातल्या जखमांनी बेजार झालेली एसटी कंडक्टर रेश्मा पाटोळे समोरच बसली होती. पण पोटविकारतज्ज्ञ फाइलशी बोलत होते, आहारतज्ज्ञ मोबाइलशी. "टेन्शन घेऊ नका," एवढ्यावर समुपदेशकांची विद्या संपली. याला ते टीम म्हणत.

कोपऱ्यातल्या गावित सिस्टरांनी विचारलं, "ताई, झोपताना औषधाचा एनिमा रोज घेता ना?"

"कसा घेणार? आठवड्यातून चार रात्री मुक्कामी गाडी असते. तिथे बायकांना संडासच नाही."

"मग हे आधी सांगायचं नाही?" सर्जन खेकसले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

ऑपरेशन लांबणीवर पडलं. गावित सिस्टरांनीच डेपोला द्यायची चिठ्ठी लिहून चौघांच्या सह्या घेतल्या. रेश्माला दिवसपाळी मिळाली, औषध नेमाने सुरू झालं आणि चार महिन्यांत रक्त पडायचं थांबलं.

तपासणीच्या दिवशी सर्जन हसत म्हणाले, "बघा, आमच्या टीमवर्कचं यश!"

रेश्माने फुकट्या प्रवाशाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं आणि पेढ्यांचा अख्खा बॉक्स गावित सिस्टरांच्या हातात दिला.