अर्धा पाठ

पाळकसाहेबांनी "ठरावाच्या बाजूने हात वर करा" म्हणताच एस्तेरबाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. ल्यूथरन मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नोकरांना आरोग्य योजनेतून गर्भपाताचा खर्च द्यायचा नाही, मग कारण कोणतंही असो, असा तो ठराव होता. बाईंनी जन्मभर मंडळीतल्या पोरांना धर्मशिक्षण दिलेलं. त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

"पण आपल्या रिबकाचं काय?" मंडळीच्या वसतिगृहाच्या वॉर्डननी मध्येच विचारलं. रिबका तिथली स्वयंपाकीण, तिला दिवस गेले होते. तिच्या हृदयाला बाळंतपण झेपणार नाही, ती वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

तसा खजिनदार उठला. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. "बाईंनी पाठ करून घेतलेली पाचवी आज्ञा, 'खून करू नको'. तिचा अर्थ काय? शेजाऱ्याच्या जिवाला धक्का लावायचा नाही. विषय संपला!"

"पुढे?" बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. पाठ म्हणताना मध्येच थांबणाऱ्या प्रत्येक पोराला त्या हेच विचारत आल्या होत्या.

खजिनदाराने नकळत हाताची घडी घातली. "आणि... त्याच्या शरीराला गरज पडेल तेव्हा मदतीला धावायचं, बाई."

"शाब्बास" बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. दारात रिबका सभेसाठी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आत यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

पाळकसाहेब हात मोजत बाईंपाशी आले.

"माझा धरू नका," बाई हात खाली घेत म्हणाल्या. "माझाही पाठ अर्धाच झाला होता."